कूलर धुण्याआधी प्लग काढा



होळी झाली की आपल्या विदर्भात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "कूलर काढा आता." पावसाळा आणि हिवाळा गच्चीवर नाहीतर न्हाणीघरामागे जुन्या साडीत गुंडाळून पडलेलं ते पत्र्याचं धूड खिडकीशी आणलं जातं, त्यावर दोन बादल्या पाणी मारलं जातं, टाकी भरली की बटन दाबलं जातं. हवा आली म्हणजे झालं. आज आपण याच कामाबद्दल बोलणार आहोत. कूलर स्वच्छ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, त्यातलं घरच्या घरी किती जमतं, वायरमनला कुठे बोलवावंच लागतं, आणि बचत गटातल्या बायांनी हे काम व्यवसाय म्हणून घेतलं तर कोणत्या गोष्टीवर अडून बसायचं.

आमचा गट हे काम काही वर्षांपासून करतो. सुरुवात ताट्या भरण्यापासून झाली. दुकानदार जाळ्या आणि गवत द्यायचा, आम्ही दुपारी बसून ताट्या भरून द्यायचो, नगावर मजुरी मिळायची. पण ताटी बसवायला जाणारा पोरगा जुनी काढायचा, नवी अडकवायचा आणि पाच मिनिटांत पुढच्या घरी. आतली टाकी, पंप, वायर कोणी बघतच नव्हतं. मग गटाच्या अंतर्गत कर्जातून आम्ही पेचकस, पक्कड, पाने, टेस्टर आणि रबरी हातमोजे घेतले, एका वायरमन दादांकडून महिनाभर शिकलो, आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा हंगाम धरला.

कूलर हवा गार कसा करतो हे समजलं की त्यात काय धुवायचं ते आपोआप समजतं. आपला माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून उरलेलं पाणी गार होतं. कूलरमध्ये हेच काम ताटी करते. पंप खालच्या टाकीतलं पाणी वर नेतो, ते ताटीतून झिरपत खाली येतं, पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताटीतून ओढतो. पाण्याची वाफ होते आणि हवेतली उष्णता त्यात खर्ची पडते.

ही उष्णता किती असते, याचा हिशेब आम्ही एकदा मांडला. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. दिवसभरात कूलरचं 50 लिटर पाणी उडालं, तर हवेतून 33 युनिटांइतकी उष्णता काढली गेली. आणि वीज किती जळाली? पंखा आणि पंप मिळून 200 वॅट धरा, बारा तास चालवा, 2.4 युनिट. दीड टनाचा एसी चालू असताना तासाला दीड युनिटाच्या आसपास घेतो. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा गरिबाच्या घरात कूलरच का परवडतो, ते या आकड्यांत आहे.

हे सगळं हवा कोरडी असली तरच. मुंबईला किंवा कोकणात नातेवाइकांकडे कूलर दिसत नाही, कारण तिथली हवा आधीच दमट, ती आणखी वाफ घेत नाही. आपल्याकडेही मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. आणि उन्हाळ्यातसुद्धा दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला तर ओली हवा खोलीतच कोंडते. कूलरच्या समोरच्या बाजूची एक खिडकी किंवा दार चार बोटं उघडं पाहिजे. आमच्याकडे "कूलर बिघडला" म्हणून येणाऱ्या निरोपांपैकी काही निरोप नुसती खिडकी उघडून मिटतात. त्याचे आम्ही पैसे घेत नाही, चहा घेतो.

आता पुन्हा माठाकडे येऊ. जुना माठ पाणी गार का करत नाही? कारण त्याची बारीक छिद्रं क्षारांनी बुजतात. कूलरचंही तसंच. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 500 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार ही चांगल्या पाण्याची मर्यादा धरली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. आपण चांगलं पाणी धरू. लिटरला अर्धा ग्रॅम. रोज 50 लिटर पाणी उडालं तर 25 ग्रॅम क्षार, तीन महिन्यांत सव्वादोन किलो! बोअरचं खारं पाणी असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. हे सगळं जातं कुठे? थोडं टाकीच्या तळाशी, थोडं पंपाच्या जाळीत, आणि बरंचसं ताटीवर पांढऱ्या पापडीसारखं. पापडी धरलेल्या जागी गवत ओलं होत नाही, हवाही नीट जात नाही. घरातले म्हणतात, मोटर कमजोर झाली. मोटर बिचारी ठीक असते.

म्हणून टाकीत नुसती भर घालत राहायचं नाही. आठवड्यातून एकदा खालचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं. आम्हाला कल्पना आहे, ज्या घरी चौथ्या दिवशी नळ येतो किंवा टँकरची वाट बघावी लागते, तिथे पाणी सोडा म्हणणं सोपं नाही. पण ते पाणी नाल्यात घालवायची गरज नाही. अंगण शिंपायला, संडासात ओतायला, चपला-पायपुसणी धुवायला ते चालतं. कुंड्यांना मात्र घालू नका, त्यात क्षार जास्त झालेले असतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, आणि पहिली गोष्ट तीच जी या बोलण्याच्या नावात आहे. कूलरला हात लावण्याआधी प्लग बोर्डातून बाहेर काढायचा आणि आपल्याला दिसेल असा कूलरच्या वर ठेवायचा. बटन बंद केलंय, एवढं पुरेसं नाही. घरातलं वायरिंग करताना काही ठिकाणी बटन चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. अशा बोर्डाचं बटन बंद केलं की कूलर थांबतो, पण आतल्या मोटरपर्यंत करंट पोचलेलाच असतो. बाहेरून बघून हे ओळखता येत नाही.

दुसरी सवय याहून घातक आहे. लाइट गेली की बाया म्हणतात, चला, तेवढ्यात कूलर धुऊन घेऊ. प्लग बोर्डातच, बटन चालू, हात टाकीच्या पाण्यात, आणि लाइट येते. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून गेलेल्या माणसाची बातमी येते. पाणी भरताना, टाकी पुसताना, खेळता खेळता पत्र्याला हात लागून. त्यात बाया असतात, लेकरं असतात. त्या बातम्या आम्ही कापून ठेवत नाही, पण आमच्या गटातल्या प्रत्येक बाईला त्या तोंडपाठ आहेत.

प्लग काढला की टाकीचं पाणी सोडायचं. मग तिन्ही ताट्या आहेत त्याच जागी पाण्याने हलक्या ओल्या करून घ्यायच्या आणि मगच काढायच्या. कोरडी जुनी ताटी ओढली तर वर्षभराची धूळ आणि बुरशी थेट नाकात जाते. दम्याच्या माणसाला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवा, आपण तोंडाला ओढणी बांधा. बांधून ठेवलेल्या कूलरमध्ये गांधीलमाशीचं पोळं, पाल, क्वचित विंचूही निघतो, म्हणून उघडण्याआधी काठीने दोनदा ठोकायचं. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हातमोजे घाला. पंप वर काढताना वायरला धरून उचलायचा नाही. माशाला गळाने उपसावं तसा तो सगळेच उपसतात, आणि वायर पंपाच्या तोंडाशी तिथेच तुटते.

मोटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून घ्या, रबराने आवळा. मोटरवर पाणी मारायचं नाही, कधीच नाही. पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसायची. पात्यांवर धुळीचा थर एका बाजूला जास्त साचला की पंखा डगमगतो, घरघर आवाज येतो आणि मोटरचं बुश झिजतं. बुशची मोटर असेल तर दोन थेंब मशीनचं तेल घालायचं. बेअरिंगची मोटर असेल तर तेलाच्या फंदात पडू नका, ती बंद असते. पंखा हळू फिरतोय, हाताने ढकलल्यावर सुरू होतोय, असं असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर बसलेला असतो. तो बदलायचं काम वायरमनचं. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ करंट साठून राहू शकतो, त्याच्या टोकांना बोट लावायचं नाही.

टाकी धुणं हा या कामाचा मोठा भाग. टाकी साध्या पत्र्याची असते, त्यावर जस्ताचा पातळ मुलामा असतो आणि तोच तिला गंजापासून वाचवतो. बाया चिडून तारेच्या ब्रशने किंवा संडासाच्या ॲसिडने ती चकचकीत करतात. क्षार निघतात, जस्तही निघतं, आणि पुढच्या वर्षी टाकी गळते. आम्ही किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून पांढऱ्या थरावर लावतो, पंधरा-वीस मिनिटं थांबतो आणि नारळाच्या काथ्याने घासतो. मग भरपूर पाण्याने धुतो. एकदा धुऊन थर गेला नाही तर पुन्हा करतो, जोर लावत नाही. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. कोणतंही ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ द्यायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, घशाला आणि फुप्फुसाला भाजतो. ब्लीचिंग वापरायचीच असेल तर ॲसिडाचा थेंब राहणार नाही इतकं धुतल्यावर, दुसऱ्या दिवशी.

टाकी वाळली की गंजाच्या जागा बघायच्या. छोट्या डागावर रेड ऑक्साइड आणि त्यावर डांबरी काळा रंग, दोन हात, मध्ये वाळू देऊन. रंग ओला असताना पाणी भरलं की तो तवंगासारखा वर येतो, म्हणून हे काम आदल्या दिवशी.

वरची पन्हळ, म्हणजे जिच्यातून पाणी ताटीवर पडतं ती, तिची छिद्रं खराट्याच्या काडीने एकेक मोकळी करायची. कंटाळवाणं काम आहे. पण एक छिद्र बुजलं की त्याच्याखालची वीतभर ताटी कोरडी राहते, आणि हवा नेमकी तिथूनच येते, कारण कोरड्या जागी तिला अडथळा कमी. कूलर तिरका उभा असेल तरी पाणी एकाच बाजूला जातं. स्टँडखाली फरशीचा तुकडा घालून तो समतल करा. टाकीत थोडं पाणी टाकून चारी कोपऱ्यांत सारखं दिसतं का बघितलं तरी अंदाज येतो.

ताटी कोणती घ्यायची, हा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. लाकडी गवत, ज्याला दुकानदार वूडवूल म्हणतात, ते स्वस्त आहे आणि दर हंगामाला बदलावं लागतं. वाळ्याची ताटी वासाला छान, महाग. पुठ्ठ्याची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिला हनीकोंब म्हणतात, ती नीट ठेवली तर दोन-तीन हंगाम जाते, पण बोअरच्या खाऱ्या पाण्यात ती लवकर भरते आणि घासून साफ करता येत नाही. तिच्यावर फक्त मऊ ब्रश आणि हलकं पाणी चालतं. आमचं मत विचाराल तर ज्या गावात पाणी खारं आहे तिथे गवतच बरं. गवत भरताना ते हाताने पिंजून मोकळं करायचं, शिंतोडा देऊन सारखं पसरायचं, आणि वरच्या बाजूला जरा दाबून भरायचं, कारण ओलं झालं की ते खाली बसतं आणि वर फट पडते.

इथवरचं काम कोणतीही बाई करू शकते. यापुढचं काम बघण्याचं आहे, आणि आमच्या मते कूलरच्या सर्व्हिसिंगचे खरे पैसे यासाठीच घ्यावेत.

कूलरची वायर टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवत जायची. उंदराने कुरतडलेली, उन्हाने चिरलेली, चिकटपट्टी लावलेली जागा शोधायची. सर्वांत जास्त वायर खराब होते ती पत्र्यातल्या भोकापाशी. त्या भोकाला रबरी कडी असते. ती पडली की पत्र्याची धार पंख्याच्या थरथरीने रोज थोडी थोडी वायर कापत जाते. तांबं उघडं पडलं आणि पत्र्याला टेकलं की सगळा कूलर करंटचा. कूलर खिडकीच्या गजांना टेकलेला असेल तर गजही. पंपाची वायरही तशीच बघायची. तो तर पाण्यातच असतो. वायरला जोड असेल तर तो पाण्याच्या वर आणि डबीत बंद असला पाहिजे. चिकटपट्टीचा जोड टाकीत लोंबकळत असेल तर आम्ही वायर बदलल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहीत नाही.

मग अर्थिंग. तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन ही अर्थिंगची. ती इतर दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे प्लग घालताना आधी तीच लागते आणि काढताना शेवटी तीच सुटते. कूलरच्या पत्र्याला जोडलेली हिरवी वायर या पिनेपर्यंत येते, पुढे भिंतीतून जमिनीत जाते. पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट मिळते, एकदम मोठा करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. ही वाट नसेल तर करंट पत्र्यातच वाट बघत थांबतो, आणि ओल्या पायाने पत्र्याला हात लावणारी बाई किंवा लेकरू हीच त्याची वाट होते.

बऱ्याच जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. हे तपासायला आम्ही एक छोटा सॉकेट टेस्टर ठेवतो. तो बोर्डात घातला की दिव्यांवरून अर्थिंग जोडलंय की नाही ते कळतं. जमिनीतलं अर्थिंग किती चांगलं आहे ते त्याने कळत नाही, ते वायरमन मोजतात. घरगुती उपाय म्हणून हिरवी वायर नळाला बांधू नका. आता नळाचे पाइप प्लास्टिकचे असतात, त्यातून काही जमिनीत जात नाही. आणि लोखंडी असलाच तर शेजारणीच्या नळाला झटका बसायचा.

घरात एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी हे सांगतो. एमसीबी पडायला सहा किंवा सोळा अँपिअरच्या वर करंट लागतो. माणसाच्या शरीरातून 30 मिलिअँपिअरच्या पुढे करंट वाहिला की जिवाला धोका. म्हणजे सहा अँपिअरचा 200 वा भाग. एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. वायरमनला "30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा" एवढंच सांगा, त्यांना कळतं. जाणारा आणि परत येणारा करंट यात एवढा फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. खर्च आहे, पण बचत गटातून कर्ज घेण्यासारख्या ज्या गोष्टी आम्ही सुचवतो, त्यात आम्ही याला फ्रिजच्या वर ठेवतो.

मागे एप्रिलमध्ये एका घरी आम्ही कूलर धुतला, ताट्या भरल्या, सगळं मनासारखं झालं. शेवटी टेस्टर लावला तर अर्थिंग नाही. आणि पत्र्याच्या भोकापाशी वायर निम्मी कापलेली. वायर आम्ही बदलली. पण अर्थिंग होईपर्यंत कूलर चालू करून देणार नाही म्हणालो. घरमालक वैतागले. "सात वर्षांपासून असाच चालतो, कोणाला काही झालं नाही. तुम्ही धुवायला आलात, धुवा आणि जा." बाहेर 44 चं ऊन, त्यांचंही खरं. आम्ही आमच्या कार्डावर 'अर्थिंग नाही, चालू करू नये' असं लिहिलं, तारीख टाकली, सही केली. त्यांची म्हातारी आई खाटेवर बसून हे ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "पोरगं याच्यापाशीच खेळते ना बाई?" आम्ही हो म्हटलं. तिने उठून प्लग हातात घेतला, उशाखाली ठेवला आणि पुन्हा आडवी झाली. तिसऱ्या दिवशी वायरमन येऊन गेल्याचं शेजारणीने सांगितलं. मजुरी मात्र त्या घरून अजून यायची आहे.

असं गिऱ्हाईक जातं. गटाच्या बैठकीत यावर बरीच ओढाताण झाली. दोघीतिघींचं म्हणणं होतं की आपण सांगून मोकळं व्हावं, चालू करायचं की नाही ते त्यांनी बघावं. त्यांचंही चुकत नव्हतं, हंगाम तीनच महिन्यांचा आणि घरात पैसा त्याच तीन महिन्यांत येतो. शेवटी ठरलं ते असं. मजुरी ठरवताना पहिल्या फोनवरच सांगायचं की आधी वायर आणि अर्थिंग बघू, ते नसेल तर धुण्याचं काम हातात घेणार नाही, फक्त येण्याजाण्याचे पैसे घेऊ. तेव्हापासून भांडणं कमी झाली. ताटीचे, वायरचे पैसे बिलासकट वेगळे, मजुरी वेगळी. "एवढे पैसे? कूलर तर घरची बाईही धुते" असं कोणी म्हटलं की आम्ही कार्ड दाखवतो. बाळाच्या लसीच्या कार्डासारखं आहे ते. धुतल्याची तारीख, वायर, अर्थिंग, पंप, ताटी कोणती, पुढची तारीख. बाया ते कार्ड देवघराशेजारी खोचून ठेवतात.

धुतलेला कूलर लगेच चालू करू नका. मोटरवरची पिशवी काढून दोन-तीन तास वाळू द्या. मग टाकी भरायची, पंप पूर्ण बुडालाय ना बघायचं, कारण कोरडा पंप तापून जळतो. हात कोरडे, पायात चप्पल, मग प्लग. आधी पंप, दहा मिनिटांनी ताट्या पूर्ण भिजल्या की पंखा. पहिल्यांदा पत्र्याला टेस्टर लावून बघायचं. दिवा लागला तर प्लग काढून वायरमन. दिवा नाही लागला तरी टाकी भरताना प्लग काढायचाच, ही सवय हंगामभर.

आणि कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. करंटने हाताची मूठ आवळली जाते, माणूस सुटू शकत नाही, आणि त्याला ओढणारीही चिकटते. मेन स्विच बंद करा. ते जवळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर किंवा माणूस दूर करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा, आणि कोणाला तरी 108 लावायला सांगा. दाबणं थांबवू नका.

कूलरच्या पाण्यातले डास हा वेगळा विषय होईल, पण थोडक्यात सांगतो. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. नुसतं पाणी ओतून टाकलं तर भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ती रेष काथ्याने घासायची. क्षारांसाठी आठवड्याला पाणी बदलतोच आहोत, त्याच हाताने हेही होतं.

एसीचं काम आम्ही घेत नाही. आतली जाळी काढून धुणं घरचं कोणीही करू शकतं, महिन्यातून एकदा करावंच, पण गॅस आणि बाहेरचं युनिट हे शिकलेल्या मेकॅनिकचं काम. हिवाळ्यात मात्र तेच क्षार दुसरीकडे भेटतात. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर बसला की पाणी तापायला जास्त वेळ लागतो आणि रॉड आतून जळतो. थंड झालेला, प्लग काढलेला रॉड लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवला की तो थर सुटतो. गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काचेच्या नळ्यांवरची धूळ पहाटे, नळ्या गार असताना पुसायची. भर उन्हात तापलेल्या नळीवर थंड पाणी पडलं तर ती तडकू शकते.

राहिला कूलर बांधून ठेवायचा. पहिला चांगला पाऊस झाला की पाणी सोडा, टाकी घासा, एक दिवस उन्हात पूर्ण कोरडी करा. गवताच्या ताट्या काढून टाका, त्या ओल्या तशाच राहिल्या तर पत्रा त्यांच्या जागीच गंजतो. पंप धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून घरात कपाटात ठेवा, वायर गोल गुंडाळून मोटरवर बांधा, उंदरांच्या वाटेवर नको. मग जुनी साडी, आणि साडीवर चिठ्ठी, कोणती वायर बदलायची राहिली आहे ती.